पार्श्वभूमी: धूमकेतूचा फोटो आणि ‘सिंगल शॉट’चा हट्ट

धूमकेतूचा फोटो बरा आला की पुण्यातल्या हौशी मंडळींचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘सिंगल शॉट की स्टॅक?’, म्हणजे एकाच क्लिकमध्ये आलेला की अनेक फोटो संगणकावर एकावर एक जुळवून केलेला? विचारण्यात कौतुक कमी आणि झडती जास्त. या झडतीचं मूळ फिल्मच्या रोलच्या जमान्यात आहे.

त्याआधीचं थोडक्यात. धूमकेतूचा पहिला फोटो १८५८ मध्ये इंग्लंडमधल्या एका व्यावसायिक छायाचित्रकाराने पोर्ट्रेटच्या लेन्सने, सात सेकंदांच्या एक्स्पोजरमध्ये काढला. अमेरिकेतल्या एका मोठ्या वेधशाळेने प्रयत्न केला तो दुसऱ्या रात्री. पुण्यात सायन्स कॉलेजच्या वेधशाळेत २० इंची दुर्बीण होती, ती १९१२ मध्ये कोडाईकनालला गेली. १९४४ मध्ये शहरात हौशी आकाशप्रेमींची संस्था उभी राहिली.

मग आले १९९६ चा हयाकुताके आणि १९९७ चा हेल-बॉप हे धूमकेतू. हेल-बॉप मार्च-एप्रिलमध्ये, म्हणजे पुण्याचं आकाश कोरडं असताना, संध्याकाळी वायव्येला सहज दिसत होता. साधा एसएलआर, ५० एमएमची लेन्स, ४०० किंवा ८०० आयएसओचा (कमी उजेडात चालणारा) रोल, शटर ‘बी’वर (दाबून ठेवू तितका वेळ उघडं) आणि कॅमेरा न हलवता ते दाबणारी केबल रिलीज, एवढ्यावर काम भागे. शटर किती वेळ उघडं ठेवायचं यासाठी सहाशेला लेन्सच्या फोकल लेंग्थने भागायचं: ५० एमएमला बारा सेकंद. त्यापुढे ताऱ्यांच्या रेघा उमटतात. ज्यांना जास्त हवं होतं ते कॅमेरा आकाशाबरोबर फिरावा म्हणून दोन फळ्यांना बिजागरी लावत, तिचा अक्ष ध्रुवाकडे (इथे क्षितिजापासून साडेअठरा अंशांवर) धरत आणि बिजागरीपासून २२९ मिलिमीटरवर बसवलेला एम-६ बोल्ट (फेऱ्याला एक मिलिमीटर सरकणारा) मिनिटाला एक फेरा असा हाताने फिरवत. रोलचा पहिला फोटो दिवसाउजेडी काढून ठेवायचा, नाहीतर काळ्या निगेटिव्हवर फ्रेम कुठे संपते ते लॅबवाल्याला कळायचं नाही आणि कात्री नेमकी शेपटीवर चालायची. ‘ब्लँक आहेत’ म्हणून प्रिंटच न काढणं हाही नेहमीचाच प्रकार.

छत्तीस फ्रेममध्ये सगळं बसवायचं म्हटल्यावर सिंगल शॉट ही गरज होती. तिचं तत्त्व नंतर झालं. आणि तो काळही वाटतो तितका सोवळा नव्हता: दोन निगेटिव्ह एकावर एक ठेवून प्रिंट काढणं तेव्हाही चालत असे.

डिजिटलमध्ये भांडण पेटलं ते धूमकेतूच्या चालीमुळे. तो ताऱ्यांमधून सरकतो. २०२४ चा त्सुचिनशान-ॲटलस तर पृथ्वीजवळ असताना दिवसाला काही अंश सरकत होता. वीस-तीस फ्रेम ताऱ्यांवर जुळवल्या की धूमकेतूचं डोकं फिसकटतं, डोक्यावर जुळवल्या की ताऱ्यांच्या रेघा होतात. म्हणून दोन वेगळे स्टॅक करून ते एकत्र आणतात. आकाश तेच, वेळ तीच. यात खोटं काय आहे, हे मला अजून कुणी पटवलेलं नाही. खाली ३५ एमएमने घेतलेला तोरणा आणि वर २०० एमएमने घेतलेली शेपटी, हे मात्र खोटंच. तिथे धूमकेतू गडाच्या मानाने जवळपास सहापट फुगतो. स्पर्धांचे नियम बहुधा दोन्हींना ‘कंपोझिट’ (जोडचित्र) म्हणून सारखेच खड्यासारखे बाजूला काढतात, आणि प्रामाणिकपणे स्टॅक केल्याचं लिहिणारा आधी बाद होतो.

पुण्यात स्टॅकिंग वाढायला आकाशही कारणीभूत आहे. २०२० चा निओवाइज ऐन जुलैत आला: वर पावसाळी ढग आणि १४ ते २३ जुलै शहरात लॉकडाउन. २०२४ चा धूमकेतू दसऱ्याला पृथ्वीच्या सर्वांत जवळ, सुमारे सात कोटी किलोमीटरवर होता. संध्याकाळी पश्चिमेला तो दिसू लागतो न लागतो तोच कोजागरीचं चांदणं आडवं आलं. २०२५ चा लेमन लक्ष्मीपूजनाच्या दिवशीच सर्वांत जवळ, म्हणजे अमावास्येचा अंधार फुकटात, पण शहरावर फटाक्यांचा धूर. अशा आकाशातून एका फ्रेममध्ये फिकट शेपटी वेगळी काढणं कठीणच.

आता काही ठिकाणी मूळ रॉ फाइल (कॅमेऱ्यातली प्रक्रिया न केलेली फाइल) मागतात. पण मोबाइलचा नाइट मोड स्वतःच अनेक फ्रेम जुळवून एक फोटो देतो, आणि तो ‘सिंगल शॉट’ म्हणून बिनदिक्कत स्वीकारला जातो.