चेक (शब्दकुल)

चेक : फार्सी ‘शाह’ (राजा) या शब्दापासून आलेला इंग्रजी शब्द. तपासणे, रोखणे, पडताळणीची खूण, धनादेश, चौकडीचे कापड हे त्याचे अर्थ रोजच्या परिचयाचे आहेत. चेस, चेकमेट, एक्सचेकर आणि चेकर्स हे त्याचे सख्खे नातलग. मराठीत हा शब्द दोन वाटांनी आला : फार्सीतून ‘शह’ म्हणून आणि पुढे इंग्रजीतून ‘चेक’ म्हणून. ‘शह दिला’ आणि ‘चेक दिला’ या दोन वाक्यांतला कर्म असलेला शब्द मुळात एकच आहे, हे सहसा लक्षात येत नाही.

व्युत्पत्ती : प्राचीन फार्सी ‘ख्शायथिय’ (राजा) यापासून ‘शाह’ झाला. संस्कृत ‘क्षत्र’ व ‘क्षत्रिय’ यांच्याशी त्याचे धातूचे नाते मानले जाते. चतुरंगाचा खेळ इराणात गेल्यावर राजावर हल्ला होताच ‘शाह’ असे बजावण्याची रीत पडली. अरबीमार्गे हा शब्द मध्ययुगीन लॅटिनमध्ये ‘स्कॅकस’ व जुन्या फ्रेंचमध्ये ‘एशेक’ झाला. त्याच्या अनेकवचनातून इंग्रजी ‘चेस’ आणि एकवचनातून ‘चेक’ निघाला. इंग्रजीत तो साधारण १३००च्या सुमारास आढळतो. शह बसला की खेळाडूला हातातला बेत सोडून आधी राजा सांभाळावा लागतो. त्यावरून अडथळा, मग लगाम, मग ताबा आणि अखेर पडताळणी असा अर्थविस्तार झालेला दिसतो.

‘मात’चा वाद : ‘शाह मात’ म्हणजे ‘राजा मेला’ असे पूर्वीपासून सांगितले जाते. त्यामागे अरबी ‘माता’ (तो मेला) हे क्रियापद धरले आहे. दुसऱ्या मतानुसार ‘मात’ फार्सी असून त्याचा अर्थ हतबल, गोंधळलेला, निरुपाय झालेला असा आहे. हे मत अधिक ग्राह्य वाटते. एक तर ‘शाह’ स्वतः फार्सी आहे. शिवाय या खेळात राजा कधी मारला जात नाही, त्याला हलायला घर उरत नाही आणि डाव तिथेच संपतो. मराठीत आपण आजारावर, संकटावर ‘मात करतो’, तेव्हाही निष्प्रभ करणे हीच छटा असते. हा व्युत्पत्तीचा पुरावा नव्हे, पण छटा बोलकी आहे.

एक्सचेकर : इंग्लंडच्या राजकोषाला हे नाव हिशेबाच्या टेबलावरून मिळाले. दुसऱ्या हेन्रीचा कोषपाल रिचर्ड फिट्झनील याने सु. ११७७ नंतर लिहिलेल्या ‘एक्सचेकरविषयी संवाद’ या लॅटिन ग्रंथात त्याचे बारीक वर्णन आहे. टेबल सुमारे १० फूट लांब व ५ फूट रुंद. वर ठेवलेले काही खाली घरंगळू नये म्हणून कडेने चार बोटे उंच काठ. त्यावर काळे कापड आणि कापडावर एक फूट किंवा वीतभर अंतरावर रेघा. रेघांमधल्या रकान्यांत उजवीकडून पेनी, शिलिंग, पौंड, वीस पौंड, शंभर पौंड अशा क्रमाने चकत्या मांडत. शेरीफकडून (परगण्यात राजाचा महसूल गोळा करणारा अधिकारी) येणे असलेली रक्कम वर आणि त्याने भरलेली खाली मांडून वजाबाकी सगळ्यांच्या डोळ्यांदेखत होई. पटावर दोन राजांची लढाई असते तशी इथे कोषपाल आणि शेरीफ यांची असते, असे फिट्झनील स्वतःच म्हणतो. कापडावर बुद्धिबळासारखे चौकोन होते असे सर्रास लिहिले जाते. मूळ वर्णनात मात्र रेघाच आहेत, म्हणून ते विधान जपून घ्यावे.

धनादेश : १८व्या शतकाच्या आरंभी ‘चेक’ म्हणजे बनावटगिरी टाळण्यासाठी ठेवलेले दाखल्याचे अर्धुक. पुढे हे नाव मूळ कागदालाच चिकटले. ‘एक्सचेकर’च्या वळणावर त्याचे ब्रिटिश स्पेलिंग check ऐवजी cheque असे बदलले. संदिग्धता टळते, असे या रूपाचे समर्थन बँकिंगवरील लेखक जे. डब्ल्यू. गिलबार्ट याने केले होते. भारताच्या १८८१च्या परक्राम्य संलेख अधिनियमात हेच रूप आहे. अमेरिकेत जुने टिकले. देवनागरीत हा भेद दिसतच नाही.

अरबी ‘सक्क’ (लेखी दस्त) हे या अर्थाचे मूळ असावे, असेही एक मत आहे. १०व्या शतकातील प्रवासी इब्न हौकल याने सहारातील औदगश्त येथे ४२,००० दिनारांचा सक्क पाहिल्याचे नोंदवले आहे. प्रथा जुनी होती यात शंका नाही. परंतु शब्दाची साखळी इंग्रजीतील पडताळणीच्या अर्थाशी सहज जुळत असल्याने ‘सक्क’ हे केवळ ध्वनिसाम्य मानणे बरे. मराठीत चेक ‘वटतो’, तो मात्र हुंडीच्या व्यवहारातल्या जुन्या शब्दाने.

इतर : पोर्तुगीज ‘शद्रेझ’ या शब्दाचेही बुद्धिबळ व चौकडीचे कापड असे दोन्ही अर्थ आहेत, पण तो ‘शतरंज’पासून आलेला आहे. ब्रिटिश पंतप्रधानांचे १९२१पासूनचे ग्रामीण निवासस्थान ‘चेकर्स’ याचे नाव १२व्या शतकातील एक्सचेकरच्या अधिकारी-मालकावरून पडले की त्याच नावाच्या रानफळांच्या झाडांवरून, याविषयी एकमत नाही. चेक प्रजासत्ताकातील ‘चेक’ हे लोकनाम असून त्याचा या शब्दकुलाशी संबंध नाही.