दोन नंबरचं सीबीएस बासष्ट नंबरवर कसं गेलं

अमेरिकेत सीबीएस, एनबीसी, एबीसी ही नेटवर्कं कार्यक्रम बनवतात, पण ते घराघरांत पोचवणारी स्थानिक स्टेशनं बहुतांशी इतरांच्या मालकीची असतात. आपल्याकडे मुंबई केंद्र दूरदर्शनचं आणि सिंहगडावरचा मनोराही दूरदर्शनचाच, म्हणून ही रचना पटकन लक्षात येत नाही. तिथे प्रक्षेपणाचा परवाना स्टेशनच्या नावावर असतो आणि नेटवर्कशी फक्त ठरावीक मुदतीचा करार असतो. मुदत संपली की मालक दुसऱ्या नेटवर्ककडे जायला मोकळा.

या मोकळीकीचा सर्वांत मोठा फटका सीबीएसला बसला. डिसेंबर १९९३मध्ये फॉक्स या चौथ्या नेटवर्कने चार वर्षांसाठी १५८ कोटी डॉलर मोजून अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल लीगमधल्या एनएफसी गटाच्या सामन्यांचे हक्क घेतले. हे सामने तोवर सीबीएसकडे होते. सामने मिळाले, पण फॉक्सची बरीच स्टेशनं १४ आणि त्यावरच्या, म्हणजे यूएचएफ क्रमांकांवर होती; २ ते १३ हे व्हीएचएफ क्रमांक. म्हणून मे १९९४मध्ये फॉक्सने न्यू वर्ल्ड या स्टेशनमालक कंपनीत ५० कोटी डॉलर गुंतवले आणि बारा स्टेशनं स्वतःकडे वळवली. त्यांपैकी आठ तोवर सीबीएसशी करारबद्ध होती. डेट्रॉइटचं डब्ल्यूजेबीके, म्हणजे चॅनेल २, हे त्यांतलंच एक.

क्रमांकाला एवढी किंमत का, हे छपरावरच्या अँटेनाकडे पाहिलं की कळतं. चॅनेल २ची वारंवारता ५४ ते ६० मेगाहर्ट्‌झ, म्हणजे अर्ध्या तरंगलांबीची दांडी साधारण २.६ मीटरची. चॅनेल ६२ असतं ७५८ ते ७६४ मेगाहर्ट्‌झवर, तिथे दांडी जेमतेम २० सेंटिमीटरची. इतकी छोटी दांडी तेवढ्याच तीव्रतेच्या लहरीतून फार कमी ऊर्जा पकडते. त्यात वायरीतली गळती वारंवारतेबरोबर वाढते, आणि टेकडी किंवा इमारत आड आली की वरच्या लहरी वळसा घालून पलीकडे पोचत नाहीत. ही तूट भरून काढायला अमेरिकी नियमांत यूएचएफला ५,००० किलोवॅटपर्यंत प्रभावी प्रक्षेपणशक्तीची मुभा होती, चॅनेल २ ते ६ना मात्र १००च किलोवॅटची. म्हणजे वीजबिलही वेगळंच. शिवाय घरी फक्त व्हीएचएफ अँटेना असेल, तर तिला यूएचएफ धड पकडताच येत नसे.

डेट्रॉइटमध्ये सीबीएसपुढे फारसे पर्याय उरले नाहीत. चॅनेल ७ची मालक स्क्रिप्स कंपनी होती. तिला एबीसीने बांधून ठेवलं आणि त्या बदल्यात फिनिक्स, टँपा आणि बाल्टिमोर इथल्या तिच्या स्टेशनांनाही आपली संलग्नता, म्हणजे आपले कार्यक्रम दाखवायचा करार, दिला. बाल्टिमोरमध्ये त्यामुळे एबीसीचं जुनं आणि भक्कम स्टेशन डब्ल्यूजेझेड दुखावलं. त्याची मालक वेस्टिंगहाउस सीबीएसशी जोडली गेली. एक वीट हलली की शेजारचीही हलते, ती अशी.

शेवटी सीबीएसने २.४ कोटी डॉलरना चॅनेल ६२, म्हणजे डब्ल्यूजीपीआर, विकत घ्यायचं ठरवलं. १९७५मध्ये सुरू झालेलं हे स्टेशन अमेरिकेच्या मुख्य भूमीवरचं कृष्णवर्णीयांच्या मालकीचं पहिलं टीव्ही स्टेशन होतं. या अदलाबदलीतली ही हानी क्रमांकांच्या हिशेबात कुठेच दिसत नाही, आणि ती नोंदवायलाच हवी. ११ डिसेंबर १९९४ला बदल झाला. चॅनेल २ने आपला वृत्तविभाग आणि प्रेक्षकांची सवय दोन्ही फॉक्सकडे नेलं. सीबीएसच्या हाती मात्र बातम्यांची घडी नसलेलं स्टेशन आलं.

जून २००९मध्ये मोठ्या स्टेशनांचं ॲनालॉग प्रक्षेपण बंद झालं आणि पारडं फिरलं. डिजिटलमध्ये खालच्या व्हीएचएफ वाहिन्यांना घरातल्या विद्युत उपकरणांचा खरखराट नडतो आणि छोट्या घरगुती अँटेना त्यांना नीट पकडत नाहीत. फिलाडेल्फियाच्या चॅनेल ६च्या प्रेक्षकांना त्या उन्हाळ्यात याचा चांगलाच त्रास झाला. पडद्यावरचे २ आणि ६२ हे आकडे आता निव्वळ ओळखीपुरते उरले आहेत, प्रत्यक्ष वाहिनी निराळीच असते. बातम्यांची उणीव मात्र अशी भरून निघाली नाही. डब्ल्यूडब्ल्यूजे असं नवं नाव घेतलेल्या त्या स्टेशनला पूर्ण वृत्तविभाग उभा करायला जानेवारी २०२३ उजाडला.