होंडाने पहिल्याच फटक्यात टीटी जिंकली? नाही!

‘होंडा १९५९ साली पहिल्यांदा आयल ऑफ मॅनला गेली आणि टीटी मारून आली’ हे वाक्य बाइकवेड्यांच्या गप्पांत वर्षानुवर्षं फिरतंय. ते खरं नाही. (टीटी म्हणजे ‘टूरिस्ट ट्रॉफी’, ब्रिटनजवळच्या आयल ऑफ मॅन या बेटावरच्या प्रसिद्ध मोटरसायकल शर्यती.)

३ जून १९५९ची १२५ सीसीची शर्यत बेटावरच्या क्लिप्स सर्किटवर झाली, साठ किलोमीटरच्या प्रसिद्ध डोंगरी मार्गावर नव्हे. जिंकला इटलीचा तार्क्विनिओ प्रोव्हिनी, एमव्ही अगुस्तावर. दुसरा लुइजी तावेरी (एमझेड), तिसरा माइक हेलवूड (डुकाटी). होंडाचा नाओमी तानिगुची सहावा आला. त्याच्या पाठोपाठ गिइची सुझुकी सातवा, तेइसुके तानाका आठवा, आणि जुन्झो सुझुकी अकरावा.

मग विजयाची गोष्ट आली कुठून? होंडाला त्या दिवशी संघाचं पारितोषिक मिळालं, ते अगदी खरं. ते मिळवायला संघाच्या तिन्ही गाड्या शेवटपर्यंत टिकाव्या लागतात. पुढे सांगता सांगता त्यातला ‘संघ’ गळला आणि ‘जिंकली’ तेवढं उरलं.

होंडाचा पहिला टीटी विजय आला १९६१ला, आता होंडा चालवणाऱ्या हेलवूडच्या हातून, आणि एकाच वर्षी १२५ व २५० अशा दोन्ही गटांत. दोन्हीकडे पहिले पाचही क्रमांक होंडाचे! माझ्या मते सहाव्या क्रमांकापासून दोन वर्षांत इथवर येणं हे त्या काल्पनिक विजयापेक्षा कितीतरी मोठं आहे. तानिगुचीचा तो सहावा क्रमांक कृपा करून पुसू नका.