भाकर एक, बाकं वेगळी

चर्चमध्ये कोणी कुठे बसायचं, हा वाद चर्चइतकाच जुना आहे. बायबलच्या नव्या करारातल्या याकोबाच्या पत्रात, दुसऱ्या अध्यायात तो समोर येतो. बोटात सोन्याची अंगठी असलेला माणूस सभेत आला की त्याला मानाची जागा, आणि मळक्या कपड्यांतल्या गरिबाला मात्र ‘तू तिकडे उभा राहा, नाहीतर माझ्या पायाशी बस’. असं वागणं पाप आहे, असं पत्र सरळ सांगतं. करिंथ शहरातल्या मंडळीला, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती समुदायाला, लिहिलेल्या पत्रात प्रेषित पौलही याच कारणावरून खडसावतो. प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि प्याला वाटून घेण्याच्या विधीला, जमल्यावर काही जण आपलं आपलं जेवून तृप्त होत आणि ज्यांच्याकडे काही नाही ते उपाशीच राहत. समावेशक चर्चची मागणी म्हणजे आजकालचं बाहेरून आलेलं खूळ, असं कोणी म्हटलं की मला ही दोन पत्रं आठवतात. भेदभावही पहिल्या पिढीतला आणि त्याला केलेला विरोधही त्याच पिढीतला.

पुढे चर्च राजसत्तेच्या जवळ गेलं आणि समाजातली उतरंड बाकांवरही उमटली. इंग्लंड-अमेरिकेतल्या अनेक चर्चमध्ये १८व्या-१९व्या शतकांत बाकं चक्क भाड्याने दिली जात. पुढची बाकं पैसेवाल्यांची; गरिबांसाठी मागच्या किंवा कडेच्या फुकट जागा.

याच काळात, १८व्या शतकाच्या अखेरीस, अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या सेंट जॉर्ज या मेथडिस्ट (एक प्रोटेस्टंट पंथ) चर्चमध्ये कृष्णवर्णीयांना सज्जात बसायला सांगण्यात आलं. एका रविवारी प्रार्थना सुरू असताना त्यांच्यातले ॲब्सलम जोन्स गुडघे टेकून होते. एका विश्वस्ताने त्यांना तिथून उठवायला ओढायला सुरुवात केली. प्रार्थना संपेपर्यंत थांबा, अशी विनंती त्यांनी केली. ती मानली गेली नाही. प्रार्थना संपल्यावर सगळे कृष्णवर्णीय उपासक एकत्र उठले आणि बाहेर पडले. रिचर्ड ॲलन त्यांच्यात होते, आणि हा प्रसंग त्यांनीच लिहून ठेवला. त्यांच्याच पुढाकाराने १८१६ मध्ये आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल चर्च हा स्वतंत्र पंथ उभा राहिला. ‘वेगळी चर्चं काढून तुम्हीच फूट पाडता’ असं वंचितांना आजही ऐकवलं जातं. आधी कोणाला गुडघ्यांवरून उठवलं गेलं, हे मात्र सोयीने विसरलं जातं.

भारतात हीच गोष्ट जातीच्या रूपाने घडली. दक्षिणेतल्या कित्येक मंडळ्यांत जातीनुसार बसणं वेगळं आणि प्रभुभोजनाच्या प्याल्याची पाळीही वेगळी असे. कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी १८३३ मध्ये पत्र काढून मंडळीत जातिभेद चालणार नाही असं बजावलं, तेव्हा तंजावरसारख्या ठिकाणी अनेकांनी मंडळी सोडली, पण शेजारी बसणं सोसलं नाही.

सगळ्यांत बोलकी कहाणी दक्षिण आफ्रिकेतली. तिथल्या डच रिफॉर्म्ड चर्च या प्रोटेस्टंट पंथाने १८२९ मध्ये ठरवलं होतं की प्रभुभोजन सर्वांना, रंग किंवा कूळ न पाहता, एकत्रच द्यायचं. १८५७ च्या सिनडने (पंथाच्या धर्मसभेने) हे तत्त्व मान्य करूनच पुढे एक पळवाट ठेवली: ‘काहींच्या दुर्बलतेमुळे’ वेगळी उपासना चालेल. दुर्बलता गोऱ्यांची, आणि बाहेर जायचं इतरांनी! सवलत म्हणून आलेली गोष्ट नियम झाली. १८८१ मध्ये मिश्रवंशीयांसाठी वेगळं मिशन चर्च निघालं, आणि वर्णभेदी राजवटीला पुढे धर्माचा आधार मिळाला. त्याच मिशन चर्चने १९८२ मध्ये बेल्हार इथे विश्वासाचा जाहीरनामा मांडला आणि १९८६ मध्ये स्वीकारला. ऐक्य, समेट आणि न्याय हे त्याचे तीन आधार. देव अन्याय सोसणाऱ्यांच्या बाजूने उभा राहतो, हे त्यात स्पष्ट लिहिलं आहे. १९८२ मध्येच कॅनडात ओटावा इथे रिफॉर्म्ड चर्चच्या जागतिक संघटनेने वर्णभेदाचं धार्मिक समर्थन पाखंड ठरवलं आणि दोन गोऱ्या चर्चचं सदस्यत्व स्थगित केलं. बेल्हार जाहीरनाम्याची भाषा मला फार मोलाची वाटते, कारण ती बाहेर काढलेल्यांनी लिहिली आहे.

स्त्रियांच्या बाबतीत दार अनेकदा निकडीमुळे उघडलं. दुसऱ्या महायुद्धात चीनजवळच्या मकावमध्ये अँग्लिकन (इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतला) पाळक पोहोचू शकत नव्हता, म्हणून १९४४ मध्ये फ्लॉरेन्स ली टिम-ओई यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. युद्ध संपताच वाद उठला आणि त्यांना काम थांबवावं लागलं. इंग्लंडच्या चर्चमध्ये स्त्रियांना ही दीक्षा मिळायला १९९४ उजाडलं. पहिली स्त्री बिशप २०१५ मध्ये झाली. रोमन कॅथलिक चर्चमध्ये आजही स्त्री पुरोहित नाही.

लैंगिक अल्पसंख्याकांचा प्रश्न अजून धगधगता आहे. समलैंगिक असल्याने आपल्या पंथातून बाहेर पडावं लागलेल्या पाळक ट्रॉय पेरी यांनी ऑक्टोबर १९६८ मध्ये लॉस एंजेलिसजवळ आपल्या घरी उपासना घेतली; बारा जण आले, आणि त्यातून मेट्रोपॉलिटन कम्युनिटी चर्च उभं राहिलं. युनायटेड मेथडिस्ट चर्चने १९७२ मध्ये आपल्या नियमग्रंथात समलैंगिकतेविरुद्ध घातलेलं वाक्य २०२४ मध्ये काढलं. त्याआधीच अमेरिकेतल्या ७,६०० हून अधिक मंडळ्या याच वादावरून पंथ सोडून गेल्या होत्या. डिसेंबर २०२३ मध्ये व्हॅटिकनने समलिंगी जोडप्यांना विवाहविधीबाहेरचा आशीर्वाद देण्याची मुभा दिली. महिनाभरातच आफ्रिकेतल्या बिशपांनी आपल्याकडे ते होणार नाही असं कळवलं.

या सगळ्या वादांत अपंगांचा विषय मागे पडतो, आणि त्याचं वाईट वाटतं. १८५२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये थॉमस गॅलोडेट यांनी बहिऱ्यांसाठी खुणांच्या भाषेत उपासना चालणारं सेंट ॲन्स चर्च सुरू केलं, तरी ही वाट फार रुंदावली नाही. अमेरिकेच्या १९९० च्या अपंग हक्क कायद्यातल्या सार्वजनिक जागांच्या नियमांतून तर धार्मिक संस्थांना वगळलंच आहे, त्यामुळे तिथे चाकाच्या खुर्चीसाठी उतार बांधायचा की नाही हे बहुतेक वेळा मंडळीच ठरवते. पुष्कळदा तो दारापर्यंत बांधला जातो. वेदीपुढच्या दोन-तीन पायऱ्या तशाच राहतात, आणि खुर्चीवरच्या माणसाला भाकर खाली आणून दिली जाते. त्याला वर जाऊन ती वाटायचीही असेल, हे नकाशा काढताना कोणाच्या मनात आलेलं नसतं.