चौकोनात बसवलेली पृथ्वी

गूगलमध्ये रंगरूप कसं ठरतं, असं विचारलं की लोक हमखास निळ्या रंगाचा किस्सा सांगतात. दोन निळ्यांपैकी कोणता घ्यावा हे ठरेना, म्हणून मधल्या ४१ छटा लोकांपुढे ठेवून चाचणी घेतली गेली. २००९ मध्ये तिथली नोकरी सोडताना डिझायनर डग्लस बोमन यांनी ते वैतागून लिहिलं होतं. पण मला या कंपनीचा स्वभाव रंगापेक्षा तिच्या नकाशात जास्त दिसतो.

२००५ च्या आधी इंटरनेटवर नकाशा पाहणं हे कंटाळवाणं काम होतं. थोडं पूर्वेला सरकायचं तर कडेच्या बाणावर टिचकी मारायची. मग अख्खं पान पुसलं जायचं आणि नव्याने उतरायचं. सिडनीत लार्स आणि येन्स रासमुसेन हे दोघे भाऊ आपल्या साथीदारांसह वेगळा नकाशा तयार करत होते. तो होता संगणकावर चालणारा स्वतंत्र प्रोग्राम. गूगलने २००४ मध्ये त्यांची कंपनी विकत घेतली आणि तो नकाशा ब्राउझरमध्ये आणायचं ठरवलं. फेब्रुवारी २००५ मध्ये गूगल मॅप्स लोकांसमोर आला. माउसने धरून ओढला की नकाशा हाताबरोबर सरकत होता!

यामागची युक्ती आपल्या घरातल्या फरशीसारखी आहे. सगळं जग २५६ गुणिले २५६ ठिपक्यांच्या एका चौकोनी तुकड्यात बसवायचं. एक पायरी जवळ गेलं की त्या तुकड्याचे चार होतात, पुढच्या पायरीला सोळा. दहाव्या पायरीला फरश्यांची संख्या १०,४८,५७६ होते. प्रत्येक फरशीचं चित्र आधीच काढून ठेवलेलं असतं. तुम्ही पुण्याचा लक्ष्मी रस्ता पाहा किंवा शेजाऱ्याने पाहू दे, दोघांना तीच फरशी मिळते. सर्व्हरला दरवेळी नवं चित्र रेखाटावं लागत नाही. ओढताना कडेला जेवढ्या फरश्या कमी पडतात, तेवढ्याच ब्राउझर मागवतो. बाकीचं पान जागचं हलत नाही.

शोधाच्या खोक्यात पत्ता टाकल्यावरही पान जागेवर राहावं, यासाठी पान न बदलता मागच्या मागे माहिती आणावी लागते. त्याची सोय मायक्रोसॉफ्टने आपल्या ईमेलसाठी तयार केली होती आणि १९९९ मध्ये इंटरनेट एक्सप्लोरर ५ मध्ये दिली होती. गूगलने २००४ मध्ये जीमेलसाठी आणि मग नकाशासाठी ती इतकी मनापासून वापरली, की वेबपान म्हणजे कागद ही समजूतच मोडली.

फरश्या चौकोनी, म्हणून पृथ्वीही चौकोनात बसवावी लागली. त्यासाठी १६ व्या शतकातल्या मर्केटर या नकाशाकाराची पद्धत घेतली. तिचा मोठा गुण असा, की काटकोनात मिळणारे रस्ते नकाशावरही काटकोनातच मिळतात, मग शहर विषुववृत्तावर असो की पार उत्तरेला. गल्लीबोळ शोधणाऱ्याला हेच हवं असतं. पण ध्रुवाकडे जावं तसा या पद्धतीत भूभाग फुगत जातो आणि ध्रुव तर अनंतावर जातो. म्हणून उत्तर-दक्षिण दोन्हीकडे साधारण ८५.०५ अंशांवर कात्री लावली. हा आकडा भूगोलातून आलेला नाही. तिथे कापलं की लांबी-रुंदी सारखी होते, एवढंच त्याचं कारण. सॉफ्टवेअरची सोय आणि डोळ्यांना दिसणारं रूप इथे एकाच निर्णयात ठरलं, आणि मला तो निर्णय फार सुंदर वाटतो.

त्याची किंमतही होती. आफ्रिका ग्रीनलंडच्या सुमारे चौदा पट मोठी, तरी या नकाशात दोन्ही जवळपास सारखी दिसत. शाळेतल्या मुलांनी हाच नकाशा रोज पाहावा, ही गोष्ट मला खटकत असे.

पुढे तयार चित्रांऐवजी रस्त्यांचे आणि किनाऱ्यांचे नुसते बिंदू पाठवून रेघा तुमच्याच संगणकाने ओढायच्या, अशी पद्धत आली. त्यामुळे नकाशा फिरवला तरी गावांची नावं सरळच राहू लागली. आणि २०१८ मध्ये संगणकावरच्या गूगल मॅप्समध्ये पार लांब गेल्यावर सपाट जगाच्या जागी पृथ्वीचा गोल दिसू लागला. त्या गोलावर ग्रीनलंड आपल्या खऱ्या आकाराएवढं आहे.