मशीन पूर्ण भरल्याशिवाय लावू नका

प्रशांत महासागरातल्या मारियाना गर्तेत, सहा हजार मीटरपेक्षाही खोल राहणाऱ्या एका कोळंबीसारख्या जिवाचं २०२० साली बारसं झालं. नाव ठेवलं युरिथिनीस प्लास्टिकस. हे नाव त्याला मिळालं ते पोटात सापडलेल्या एका तंतूमुळे. लांबी जेमतेम ०.६५ मिलिमीटर, रचना पीईटी या प्लास्टिकशी जुळणारी. पाण्याच्या बाटल्या ज्या पीईटीच्या, त्याचाच धागा काढला की आपण त्याला पॉलिएस्टर म्हणतो. मला तर ती बातमी वाचताना बाटली आठवलीच नाही, आठवला अंगातला पॉलिएस्टरचा टी-शर्ट, आणि वॉशिंग मशीनमध्ये धुताना त्यातून सुटणारे तंतू.

समुद्र काही ठेवून घेत नाही, टाकलेलं सगळं किनाऱ्यावर आणून देतो, असं आपण लहानपणापासून ऐकतो. ते खरं नाही. किनाऱ्यावर येतं ते मुख्यतः तरंगणारं: चपला, झाकणं, थर्माकोल. समुद्राच्या पाण्याची घनता सुमारे १.०३ आणि पॉलिएस्टरची १.३८, त्यामुळे हा तंतू आज ना उद्या तळाशीच जाणार. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात खोल समुद्रातल्या गाळात, तेवढ्याच आकारमानाच्या पृष्ठभागावरच्या पाण्याच्या तुलनेत, दहा हजार पटींपर्यंत जास्त प्लास्टिक तंतू आढळले होते. किनारा स्वच्छता मोहिमा हव्यातच, पण हा कचरा त्यांच्या हाती लागत नाही. तो घरातच अडवावा लागतो.

आता कपड्यातून तंतू सुटतो कसा ते पाहू, कारण सगळी मेख तिथेच आहे. बरंचसं सूत आखूड तंतूंना पीळ देऊन केलेलं असतं. पिळामुळे तंतू एकमेकांवर दाबले जातात आणि घर्षणाने जागेवर राहतात. वापरून वापरून काही टोकं बाहेर येतात, कपड्यावर लव दिसू लागते. धुताना या लवीला वाहतं पाणी ओढतं. ही ओढ किती जोराची, हे पाणी आणि कपडा यांच्या वेगांत किती फरक आहे त्यावर ठरतं. ड्रम दिशा बदलतो तेव्हा पाणी एकीकडे, कपडा दुसरीकडे, असं क्षणभर होतं. पाणी भरपूर आणि कपडे थोडे असले की दर फेरीला पाणी विणीतून आरपार जातं आणि सैल टोकं उपटून नेतं. कपडे दाटीने भरले असतील तर थोडंसं पाणी त्यांच्याबरोबरच फिरतं, वेगातला फरक कमी, म्हणून ओढही कमी.

कपडे एकमेकांवर घासल्यानेच तंतू सुटतात अशी माझीही समजूत होती. पण २०१९ साली न्यूकॅसल विद्यापीठाच्या संशोधकांनी वेगवेगळे प्रोग्रॅम तपासले, तेव्हा सर्वांत मोठा फरक पडला तो कपड्यांच्या मानाने पाणी किती यामुळे. ड्रम अगदी हळुवार फिरवणाऱ्या, पण पाणी भरपूर घेणाऱ्या नाजूक कपड्यांच्या प्रोग्रॅममध्ये नेहमीच्या सुती प्रोग्रॅमपेक्षा सरासरी ८ लाख तंतू जास्त सुटले! सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात यातले बहुतेक तंतू गाळात अडकतात. जिथे केंद्रच नाही, तिथे ते थेट नदीत जातात.

२०१६ साली जपानी संशोधकांनी पीईटी खाणारा जिवाणू जाहीर केला, तेव्हापासून प्लास्टिकचा प्रश्न मिटल्याच्या बातम्या अधूनमधून येतात. त्या जिवाणूला ३० अंश सेल्सिअसच्या उबेत, रेणूंची रचना विस्कळीत असलेली पातळ फिल्म संपवायला सुमारे सहा आठवडे लागले. कपड्याच्या तंतूत रेणू ताणून ओळीने घट्ट बसवलेले असतात, आणि सागरतळाशी पाणी २ ते ४ अंशांचं, ऊन शून्य. त्या जिवाणूच्या भरवशावर बसू नये.

मग घरी काय करायचं? एकदाच घातलेला, न मळलेला कपडा लगेच धुवायला टाकू नका. मशीन भरेपर्यंत थांबा. गार पाणी आणि छोटा प्रोग्रॅम घ्या: ४० अंश आणि ८५ मिनिटांऐवजी १५ अंश आणि ३० मिनिटं केल्यावर सुटणारे तंतू सुमारे ३० टक्क्यांनी घटल्याचं एका चाचणीत दिसलं आहे. आणि मशीनच्या जाळीत साचलेला बोळा हाताने काढून, वाळवून कोरड्या कचऱ्यात टाका. जाळी नळाखाली धरून धुतली, तर पकडलेले तंतू त्याच क्षणी मोरीतून पुढच्या प्रवासाला लागतात.