सैनिकी सेवा-अभिलेखांची दुरुस्ती

सैनिकाच्या भरतीपासून सेवामुक्तीपर्यंत ठेवल्या जाणाऱ्या अधिकृत नोंदींमध्ये राहिलेली चूक, उणीव किंवा विसंगती माजी सैनिकाच्या, अथवा त्याच्या पश्चात वारसाच्या, अर्जावरून दुरुस्त करण्याची प्रक्रिया. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः भारतीय भूसेनेतील जवान आणि कनिष्ठ आयुक्त अधिकारी (जेसीओ) यांच्या अभिलेखांचा विचार केला आहे.

उगम : सैनिकाचे वर्णन लिहून ठेवण्याची चाल भारतात जुनी आहे. घोड्यांना डाग देण्याच्या पद्धतीचे श्रेय सामान्यतः अल्लाउद्दीन खल्जीला (कार. १२९६–१३१६) दिले जाते, अकबराने ती १५७३-७४ च्या सुमारास नव्याने लागू केली. मोगल लष्करातील ‘चेहरा’ नावाच्या कागदावर स्वाराचे व त्याच्या बापाचे नाव, जमात, मूळ ठिकाण, वर्ण आणि अंगावरच्या खुणा लिहीत. मराठी राज्यासंबंधी सभासदाच्या बखरीत (१६९४ किंवा १६९७, लेखनकाळाबद्दल मतभेद) वेगळ्या प्रकारची नोंद सांगितली आहे. मोहिमेवर निघताना लहानथोर सर्वांच्या सामानाची यादी करीत, परतल्यावर झडती घेत आणि जास्त निघालेल्या वस्तूची किंमत पगारात वळती करीत. पेशवाईतील हजिरीचे कागदही याच वळणाचे आहेत.

ईस्ट इंडिया कंपनीच्या पलटणींमधील लाँग रोल (सर्व शिपायांची त्रोटक नोंदवही) व शीट रोल (प्रत्येक शिपायाचा स्वतंत्र सेवापट) यांचे मूळ या देशी परंपरेत शोधावे, की ब्रिटिश पलटणींच्या वर्णन-वह्यांत, याचा निर्णय सोपा नाही. रकान्यांमधील साम्य लक्षात येण्याजोगे आहे : बापाचे नाव, गाव, परगणा, जात, उंची, खुणा. परंतु ब्रिटनमध्येही अठराव्या शतकापासून अशा वह्या आढळतात आणि मुंबई सैन्याची घडण (मराठा लाइट इन्फंट्रीची सर्वांत जुनी पलटण १७६८ ची) इंग्रजी नमुन्यावर झाली होती. त्यामुळे थेट वारसा मानण्यापेक्षा इंग्रजी कागदावर देशी तपशील भरले गेले, असे मानणे अधिक सयुक्तिक ठरते. उगम कोणताही धरला तरी या सर्व नोंदींचा हेतू एकच होता : तोतया स्वार, खोटी हजिरी आणि पळून गेलेला शिपाई यांपासून सरकारचे संरक्षण. सैनिकाने ती नोंद पाहावी, तिच्यावर हरकत घ्यावी, ही कल्पना तिच्यात नव्हती. निवृत्तिवेतनाचा हक्क नोंदीवर अवलंबून राहू लागल्यावर तोच कागद सैनिकाचाही पुरावा बनला. दुरुस्तीच्या आजच्या बहुतेक अडचणी या दुहेरी भूमिकेतून येतात.

अभिलेखांचे स्वरूप : मूळ दस्तऐवज म्हणजे भरतीपत्र. सैन्य अधिनियम, १९५० नुसार भरती अधिकाऱ्याने सही केलेले भरतीपत्र हे, त्यातील उत्तरे त्या व्यक्तीनेच दिली, याचा पुरावा मानले जाते (कलम १४१) आणि जाणूनबुजून खोटे उत्तर देणे हा शिक्षापात्र गुन्हा आहे (कलम ४४). यानंतर बढती, रजा, जखम, विवाह, अपत्यजन्म अशी प्रत्येक घटना युनिटच्या ‘पार्ट टू ऑर्डर’द्वारे प्रसिद्ध होते आणि तिच्या आधारे शीट रोलमध्ये नोंद होते. कुटुंबीयांची माहिती ‘किंड्रेड रोल’मध्ये असते. सैनिकाच्या हाती येते ते डिस्चार्ज बुक आणि निवृत्तिवेतन अदायगी आदेश, म्हणजे पी.पी.ओ.; मूळ कागद रेजिमेंटच्या किंवा दलाच्या रेकॉर्ड ऑफिसात राहतात. मराठा लाइट इन्फंट्रीचे बेळगावी, महार रेजिमेंटचे सागर (मध्य प्रदेश), तोफखान्याचे नाशिक रोड, चिलखती दलाचे अहिल्यानगर, बॉम्बे सॅपर्सचे खडकी आणि ब्रिगेड ऑफ द गार्ड्‌सचे कामठी येथे आहे.

जन्मतारीख : सर्वाधिक तंटे हिच्यावरून झाले आहेत. जन्मनोंद व शाळेचा दाखला दोन्ही नसलेल्या उमेदवाराचे वय जुन्या काळी अंदाजाने लिहिले जाई. वय फक्त वर्षांत लिहिलेले असेल, तर भरतीच्या तारखेवरून मागे मोजून जन्मतारीख ठरे. म्हणून काही जुन्या कागदांत भरतीचा आणि जन्माचा दिवस-महिना एकच दिसतो. सेवेत असताना जन्मतारीख बदलल्यास निवृत्ती पुढे जाते, ज्येष्ठताक्रम हलतो आणि दुसऱ्या कोणाची तरी बढती अडते. त्यामुळे ठराविक मुदतीनंतर हा बदल नाकारण्याचे धोरण शासनाने धरले. मुलकी सेवकांबाबत सर्वोच्च न्यायालयाने हरनाम सिंग खटल्यात (१९९३) त्याला मान्यता दिली आणि लष्करी प्रकरणांतही त्याचा आधार घेतला जातो.

भूसेनाध्यक्ष जनरल विजयकुमार सिंग यांचे प्रकरण या संदर्भात वारंवार सांगितले जाते. ॲडज्युटंट जनरल शाखेच्या नोंदीत त्यांचा जन्म १० मे १९५१ चा, तर मिलिटरी सेक्रेटरी शाखेच्या नोंदीत १० मे १९५० चा होता. शालान्त प्रमाणपत्र १९५१ च्या बाजूचे होते. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या प्रवेशासाठी भरलेल्या अर्जात मात्र १९५० लिहिले होते. त्यांनी जानेवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, १० फेब्रुवारीला ती मागे घेतली आणि ३१ मे २०१२ रोजी ते १९५० हे साल धरून निवृत्त झाले. एकाच मुख्यालयाच्या दोन शाखांत दोन तारखा कित्येक वर्षे नांदू शकतात, हे या प्रकरणातून देशासमोर आले. भूसेनाध्यक्षांची ही स्थिती, तर खेड्यातील निवृत्त शिपायाची काय असेल, हा प्रश्न गंभीरपणे घ्यावा असाच आहे.

निवृत्तीनंतर जन्मतारखेला वेगळे महत्त्व येते. सहाव्या वेतन आयोगानंतर वयाच्या ८० व्या वर्षापासून मूळ निवृत्तिवेतनात २० टक्के, ८५ पासून ३०, ९० पासून ४०, ९५ पासून ५० आणि १०० पासून १०० टक्के वाढ मिळते. कुटुंब निवृत्तिवेतनालाही ती लागू आहे. जुन्या पी.पी.ओ.मध्ये पत्नीची जन्मतारीख नसेल, तर वयाने पात्र असूनही तिची वाढ अडते.

नावे : महाराष्ट्रातील अर्जांत पत्नीच्या नावाची विसंगती नेहमी आढळते. माहेरचे नाव, लग्नात ठेवलेले नाव, मधे नवऱ्याचे नाव आणि शेवटी सासरचे आडनाव, असे एकाच बाईचे दोन-तीन नामोल्लेख वेगवेगळ्या कागदांवर असतात. घरात रूढ असलेले नावच किंड्रेड रोलमध्ये गेलेले असते. आडनावाच्या रोमन लिपीतील लेखनाचाही घोळ आहे. व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी नामदेव जाधव (सेनिओ नदी, इटली, ९ एप्रिल १९४५) यांचे आडनावसुद्धा इंग्रजी साधनांत एकाहून अधिक प्रकारे लिहिलेले आढळते.

अशा अर्जासोबत सामान्यतः प्रतिज्ञापत्र, आधार व पॅन, विवाहाचा पुरावा, वृत्तपत्रांतील जाहिरात आणि नाव बदलले असल्यास राजपत्रातील प्रसिद्धी यांची मागणी होते. अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत किंवा थेट रेकॉर्ड ऑफिसकडे जातो. तेथे पार्ट टू ऑर्डर निघाल्यावर प्रयागराज येथील संरक्षण लेखा (निवृत्तिवेतन) कार्यालय सुधारित पी.पी.ओ. काढते. निवृत्तिवेतनाची खाती ‘स्पर्श’ या संगणकीय प्रणालीत आल्यावर आधार आणि पी.पी.ओ. यांतील अक्षराचा फरकही अडथळा ठरू लागला आणि दशकानुदशके सुरळीत चाललेल्या प्रकरणांतही दुरुस्तीची गरज निर्माण झाली.

येथे एक भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. जन्मतारखेच्या बाबतीत जुन्या नोंदीला चिकटून राहण्याला कारण आहे, कारण बदलाने तिसऱ्याचे नुकसान होते. पत्नीचे नाव किंवा त्यातील अक्षर दुरुस्त केल्याने, ती तीच आहे याबद्दल वाद नसेल तर, कोणाचेही नुकसान होत नाही. पहिल्या प्रकारासाठी घडलेली कठोरता दुसऱ्या प्रकाराला लावणे अन्यायाचे आहे आणि त्याचा सर्वाधिक भार वृद्ध विधवांवर पडतो.

वैद्यकीय नोंदी : अपंगत्व निवृत्तिवेतनासाठी व्याधी सेवेमुळे जडली किंवा वाढली, असा वैद्यकीय मंडळाचा निष्कर्ष लागतो. धरमवीर सिंग खटल्यात (२०१३) सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की भरतीच्या वेळी व्याधीची नोंद नसेल तर सैनिक निरोगी होता असे गृहीत धरावे आणि विरुद्ध सिद्ध करण्याची जबाबदारी शासनाची. नोंदीतील मौन सैनिकाच्या बाजूने वाचण्याचे हे महत्त्वाचे उदाहरण होय.

नष्ट झालेले अभिलेख : मूळ कागदच उरला नसेल तर दुरुस्ती कशाची करणार? निवृत्तिवेतन नसलेल्या सैनिकांचे कागद सेवामुक्तीनंतर २५ वर्षांनी नष्ट करण्याची तरतूद भूसेनेच्या विनियमांत आहे. लाँग रोलमधील त्रोटक नोंद तेवढी मागे राहते. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस भारतीय सैन्य सुमारे २५ लाखांवर गेले होते आणि त्यांतील बहुसंख्य निवृत्तिवेतनाविना घरी परतले. राज्य शासनांनी पुढे महायुद्धातील सैनिकांना व विधवांना मानधन सुरू केले, तेव्हा अनेकांजवळ डिस्चार्ज प्रमाणपत्राशिवाय दुसरा आधार नव्हता. २५ वर्षांची मुदत कार्यालयाच्या जागेचा विचार करते. माणसाच्या आयुष्याचा करत नाही.

इतरत्र अपघातांनीही असेच नुकसान झाले. सप्टेंबर १९४० मधील बाँबहल्ल्यात लंडनच्या आर्नसाइड स्ट्रीटवरील ब्रिटिश युद्ध कार्यालयाच्या भांडारात पहिल्या महायुद्धातील जवानांचे सुमारे ६० टक्के कागद जळाले. अमेरिकेत १२ जुलै १९७३ रोजी सेंट लुईसजवळील राष्ट्रीय कर्मचारी अभिलेख केंद्राला लागलेल्या आगीत १.६ ते १.८ कोटी सेवा-फायली नष्ट झाल्या. नोव्हेंबर १९१२ ते जानेवारी १९६० या काळात सेवामुक्त झालेल्या भूसैनिकांच्या सुमारे ८० टक्के फायली त्यांत होत्या. तेथे आता पगारपत्रके, रुग्णालयीन नोंदी इत्यादींवरून सेवा पुन्हा सिद्ध केली जाते.

दाद : रेकॉर्ड ऑफिसने नकार दिल्यास सशस्त्र दल न्यायाधिकरणाकडे जाता येते (अधिनियम २००७, कामकाज २००९ पासून, मुंबईत खंडपीठ). अंतिम आदेशापासून सहा महिन्यांची मुदत आहे, पण विलंब माफ होऊ शकतो. निवृत्तिवेतनातील तूट हा चालू राहणारा अन्याय मानला जातो; तरी थकबाकी साधारणतः अर्जापूर्वीच्या तीन वर्षांपुरतीच मिळते (तरसेम सिंग खटला, २००८).

अमेरिकेत १९४६ पर्यंत अशा दुरुस्तीसाठी काँग्रेसमध्ये एकेका व्यक्तीपुरते विधेयक आणावे लागे. त्या वर्षीच्या कायद्याने हे काम दलांच्या मुलकी सदस्यांच्या मंडळांकडे दिले. चूक लक्षात आल्यापासून तीन वर्षांत अर्ज करावा लागतो, पण न्यायाच्या दृष्टीने मंडळ ही अट बाजूला ठेवू शकते. ब्राउन्सव्हिल (टेक्सास) येथील १९०६ च्या गोळीबाराच्या घटनेनंतर अप्रतिष्ठेने बडतर्फ केलेल्या १६७ कृष्णवर्णीय सैनिकांची सेवामुक्ती १९७२ मध्ये सन्माननीय म्हणून दुरुस्त झाली, परंतु तोवर जवळजवळ सर्वजण मरण पावले होते. भारतात असे स्वतंत्र वैधानिक मंडळ नाही. नोंद ठेवणारे कार्यालयच प्रथम तिच्या चुकीचा निर्णय करते.

नौदलाच्या खलाशांच्या नोंदी मुंबईत मानखुर्द येथील ब्यूरो ऑफ सेलर्सकडे, तर हवाई दलातील वायुसैनिकांच्या नवी दिल्लीतील सुब्रतो पार्क येथे ठेवल्या जातात. दुरुस्तीची रीत सामान्यतः वरीलप्रमाणेच आहे.